उशिरा पोचलेला ‘थांब’

एकदा एका देवीच्या डोंगरावरून निघालेला एक शब्द पायथ्याशी उशिरा पोचला. शब्द अगदी लहान, ‘थांब’ एवढाच. पण त्यापायी एका बाईचा हात मोडला आणि एका प्रामाणिक माणसाचं नाव गावभर बद्दू झालं. त्या शब्दाला उशीर करणाऱ्या मुलीच्या मनात कपट नव्हतं, आळसही नव्हता. तिने तो उशीर निव्वळ आदरापोटी केला होता. आदराने माणसं किती घोटाळे करतात याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही, म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटते.

डोंगरावर चढायला पायऱ्या होत्याच. ज्यांचे गुडघे पायऱ्यांना भीत होते त्यांच्यासाठी देवस्थानाने रोपवे बांधला होता. वरच्या स्टेशनात हौसाबाई प्रवाशांना ट्रॉलीत बसवायची, दार लावायची आणि फोनवर ‘सोड’ किंवा ‘थांब’ म्हणायची. खालच्या स्टेशनात यंत्राच्या खुर्चीवर रानबा बसायचा. त्याला वरचं काही दिसत नसे. हौसाबाईचा शब्द कानावर पडला की त्याचा हात हलायचा. गेली कित्येक वर्षं दोघांचं काम असंच बिनबोभाट चाललं होतं.

वरून खाली माहिती आणणारा बिनतारी दुवा मात्र एकच, आणि तोही अरुंद. हौसाबाईचा आवाज त्यावरूनच यायचा. सुरक्षेच्या कॅमेऱ्यांची चित्रं त्यावरूनच, गाभाऱ्यातलं थेट दर्शन त्यावरूनच, देणगीच्या खिडकीचे आकडेही त्यावरूनच. या सगळ्यांना शिस्त लावायला दुव्याच्या टोकाशी स्विच नावाची एक पेटी असते. ती येणाऱ्या माहितीला निरनिराळ्या रांगांत उभं करते आणि कोणाला आधी सोडायचं ते ठरवते. पहिली रांग तातडीची. तिच्यात कोणी उभं असेल तोवर बाकीच्या रांगांनी हलायचं नाही, असा नियम. कोणाला कुठल्या रांगेत घालायचं आणि त्या रांगेला थांबायला किती जागा द्यायची, हे मात्र माणसाने त्या पेटीला शिकवावं लागतं.

ते शिकवण्याचं काम केतकीकडे होतं. केतकी ही गुरुजींची शिष्या. गुरुजींनी सारं आयुष्य टेलिफोन खात्यात काढलं होतं आणि निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी ते मुलामुलींना ही जाळ्यांची विद्या शिकवत. केतकी त्यांची हुशार विद्यार्थिनी. हुशारी भरपूर होती, पण स्वभाव भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

त्या डोंगरावर प्रत्येक गोष्टीला मान होता. पहिला नारळ कोणाचा, पालखीचा उजवा खांदा कोणाचा, आरतीचं तबक आधी कोणाकडे जायचं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यामुळे नव्या पेटीत रांगा असतात आणि त्यांतली एक पहिली असते, एवढं कळायचा अवकाश, मानकरी दाराशी हजर झाले. देवस्थानाचे अध्यक्ष म्हणाले, देवीचं थेट दर्शन जगभर जातं, ते दुसऱ्या रांगेत कसं चालेल? सुरक्षेच्या प्रमुखांना वाटलं, कॅमेरे मागे राहिले तर आपली किंमत ती काय! देणगीची खिडकी सांभाळणारे तर आपल्या खिडकीवर देवस्थान चालतं हे दिवसातून दोनदा ऐकवत. केतकीने एकेकाला पहिल्या रांगेत घेतलं. हौसाबाईचा आवाज तिथे आधीपासून होताच. आता त्याच्या शेजारी सारा गोतावळा येऊन उभा राहिला.

साहजिकच गर्दी झाली. गर्दीच्या दिवशी पहिली रांग भरून वाहू लागली आणि फोनवर शब्द तुटायला लागले. रानबाने तक्रार केली की बाईचं अर्धं बोलणं हवेत विरतं. केतकीला वाईट वाटलं. एवढ्या महत्त्वाच्या रांगेतून कोणाला हाकलून द्यायचं म्हणजे काय! तिने त्या रांगेची थांबण्याची जागा वाढवली, चांगली ऐसपैस केली. शब्द तुटायचे थांबले. अध्यक्षांनी तिला बोलावून चहा पाजला, आणि तिने तो मोठ्या समाधानाने घेतला.

एका मंगळवारी डोंगरावर अलोट गर्दी होती. एक म्हातारी ट्रॉलीत बसली, दार लागलं, हौसाबाईने ‘सोड’ म्हटलं, आणि तेवढ्यात तिला म्हातारीच्या लुगड्याचा पदर दाराबाहेर लोंबताना दिसला. तो फलाटाच्या कठड्यात अडकला होता. हौसाबाई ‘थांब’ म्हणाली. ट्रॉली निघाली. ती पुन्हा ‘थांब’ म्हणाली आणि ट्रॉली चालतच राहिली. शेवटी तिने पुढे झेपावून पदर ओढून सोडवला. म्हातारी वाचली, पण हौसाबाईचं मनगट कठडा आणि ट्रॉली यांच्यामध्ये सापडून मोडलं. त्यानंतर ट्रॉली थांबली.

चौकशी झाली. हौसाबाईने देवीची शपथ घेऊन सांगितलं की दिसल्याबरोबर तिने थांब म्हटलं होतं. रानबाने त्याच देवीची शपथ घेऊन सांगितलं की ऐकल्याबरोबर त्याने यंत्र थांबवलं होतं. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलतंय हे उघड होतं, आणि जिचा हात गळ्यात बांधलेला तिला खोटं कोण म्हणणार? रानबाचा डोळा लागला असेल, असं आधी एक जण म्हणाला, मग सगळेच म्हणू लागले. रोपवे बंद झाला, रानबाला घरी बसवलं. चैत्रातली यात्रा तोंडावर आली होती. अध्यक्षांनी त्याला निरोप धाडला की झोप लागल्याची लेखी कबुली दे, मग यात्रेनंतर तुला चपला सांभाळायच्या कामावर घेऊ, उपाशी ठेवणार नाही.

केतकीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. अपघाताच्या वेळेला दुवा काठोकाठ भरलेला होता, एवढं तिला दिसत होतं. पण आवाज तर पहिल्या रांगेत होता आणि एकही शब्द तुटलेला नव्हता. मग चूक कुठे? तिने गुरुजींना फोन केला. गुरुजी दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. यात्रेआधीची तपासणी, एवढंच अध्यक्षांना कळवलं होतं.

आल्यावर गुरुजी पेटीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते सरळ रानबाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. वरच्या स्टेशनात हौसाबाईला फोनपाशी बसवायला सांगितलं. हात प्लास्टरमध्ये असूनही ती घरी थांबली नव्हती. कॅमेरे, दर्शन, देणगीची खिडकी, सगळं मंगळवारी होतं तसं चालू करायला लावलं. आणि मग त्यांनी फोनवर तिला विचारलं, की बाई, आपण दोघांनी मिळून देवीची आरती म्हणायची का?

केतकीला वाटलं, गुरुजींचं वय झालं. हौसाबाईलाही नवल वाटलं असणार, पण आरतीला नाही कोण म्हणतं? तिने खड्या आवाजात सुरुवात केली, गुरुजींनी सूर मिसळला, आणि दुसऱ्या ओळीपाशीच सगळं विस्कटलं. हौसाबाई वरून म्हणाली की गुरुजी, तुम्ही मागं पडताय. गुरुजी म्हणाले की मी तर तुमच्या आवाजाला धरूनच चाललोय. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिला ते मागे ऐकू येत होते, आणि त्यांना मात्र आपण अगदी बरोबर आहोत असं वाटत होतं. एकही शब्द तुटत नव्हता. आरती स्पष्ट, सुरेल ऐकू येत होती. फक्त ती मघाशीच म्हणून झालेली होती.

केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोन माणसं देवीची शपथ घेतात आणि दोघंही खरं बोलतात, हे कसं घडतं ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मग गुरुजी पेटीकडे वळले. केतकी शेजारी उभी राहून बघत होती, आणि इतक्या वर्षांनंतरही तिला त्यांचं काम बघताना पहिल्या दिवसासारखंच अप्रूप वाटत होतं. त्यांनी घाई केली नाही, एकही जादा गोष्ट केली नाही. आधी त्यांनी दर्शनाची चित्रं पहिल्या रांगेतून काढली. मग कॅमेरे, मग देणगीचे आकडे. सगळ्यांना मागच्या रांगांत नेऊन प्रत्येकाला ठराविक वाटा बांधून दिला, म्हणजे शेवटच्या रांगेतलाही उपाशी राहायला नको. कॅमेरे तर कारखान्यातूनच कपाळावर ‘तातडीचा’ असा शिक्का मारून येत असत. गुरुजींनी पेटीला बजावलं की कोणी आपल्या कपाळावर काय लिहून आणलंय ते वाचायचं नाही, ते दारातच पुसायचं; तातडी कोणाची ते आपण ठरवायचं. पहिल्या रांगेत आता एकटा हौसाबाईचा आवाज उरला. इथवर केतकीला सारं पटत होतं.

पण पुढे त्यांनी जे केलं त्याने ती चकित झाली. त्या पहिल्या रांगेची ऐसपैस जागा त्यांनी तोडत तोडत इतकीशी करून टाकली. देणगीच्या आकड्यांना मोठं थोरलं दालन, दर्शनाला बऱ्यापैकी खोली, आणि सर्वांत मानाच्या आवाजाला उभं राहण्यापुरता उंबरठा! शिवाय या रांगेने ठराविक मापापेक्षा जास्त वाट घ्यायची नाही, अशी वरून मर्यादाही घातली.

तेवढ्यात अध्यक्ष आत आले. दर्शन मागच्या रांगेत गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. देवीला दुसऱ्या रांगेत उभं करणारे तुम्ही कोण, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. केतकी घाबरून गुरुजींकडे बघू लागली. गुरुजी उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, “अध्यक्षसाहेब, देवीला घाई नाही. ती युगानुयुगं उभी आहे. तिचं दर्शन क्षणभर उशिरा झालं तरी ते दर्शनच असतं.”

देवीला घाई आहे असं अध्यक्ष तरी कसं म्हणणार! ते यात्रेची कामं आठवून निघून गेले.

मग केतकीने मनातलं विचारलं. ज्याचं महत्त्व सर्वांत मोठं, त्याला सर्वांत लहान जागा, हा कुठला न्याय? शब्द पुन्हा तुटले तर?

गुरुजींनी तिला समोर बसवलं. ते कमी बोलत, पण बोलत तेव्हा एकेक शब्द ऐकावासा वाटे. ते म्हणाले, “अगं, तू रांगेला मान समजलीस. मान मोठ्याला द्यावा, तो देण्यात काही चूक नाही. पण वाट द्यायची ती निकडीला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आकडा उशिरा पोचला तरी तो तोच आकडा असतो. चित्र उशिरा पोचलं तरी त्यात काल जे होतं तेच दिसतं. त्यांना बसायला जागा दे, खुशाल बसतील. बोललेला शब्द मात्र ताजा असेल तरच शब्द. त्याला थांबायला ऐसपैस जागा देणं म्हणजे त्याला नासायला जागा देणं. ज्याला थांबून चालणार नाही, त्याच्यासाठी थांबण्याची खोली बांधायचीच कशाला?”

केतकी म्हणाली, “पण गुरुजी, जागा नसली तर एखादा शब्द गळेल.”

“गळू दे,” गुरुजी म्हणाले. “शब्द गळला तर ऐकणाऱ्याला कळतं. तो विचारतो, काय म्हणालात? चालू यंत्र आधी थांबवतो. रानबाने तुझ्याकडे तक्रार केलीच होती ना? तुटलेला शब्द स्वतःची तक्रार स्वतः करतो. उशिरा आलेला शब्द करत नाही. तो इतका धडधाकट येतो की उशीर झालाय हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. तू तक्रार बंद केलीस, पोरी. दुखणं तसंच राहिलं.”

केतकी मान खाली घालून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींनी ते पाहिलं, पण तिची समजूत घातली नाही. त्यांनी हौसाबाईला पुन्हा फोन लावला आणि आरती म्हणायला सांगितली. सगळं चालू होतं, दुवा काठोकाठ भरलेला होता. या वेळी दोन आवाज एकाच पावलाने शेवटपर्यंत गेले. यात्रेच्या तयारीला आलेल्या वरच्या मजुरांनी ऐकता ऐकता टाळ्यांचा ठेका धरला, आणि तो ठेकाही खाली जिथल्या तिथे ऐकू आला. अशी माणसं आहेत म्हणून विद्या टिकून आहे, असं केतकीला अगदी मनापासून वाटलं.

दुपारी ती गुरुजींना एसटीपर्यंत पोचवायला गेली. वाटेत तिने सांगितलं की चूक आपली आहे हे ती मान्य करणार आहे, लपवणार नाही. पण आता यात्रा चार दिवसांवर आहे, सगळे गडबडीत आहेत, अध्यक्ष आजच रागावलेत. यात्रा निर्विघ्न पार पडू दे, मंडळी निवांत झाली की सभेत नीट उभं राहून सगळं सांगेन. तिने ते मनाशी छान जुळवून ठेवलं होतं.

गुरुजींनी विचारलं, “तोवर रानबा काय करेल?”

“घरीच आहेत ते. थांबतील.”

एसटी आली, गुरुजी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी केतकी तिथेच उभी होती. ‘थांबतील’ हा स्वतःचाच शब्द तिला आता ऐकू यायला लागला होता. सकाळी आपण जे शिकलो ते त्या पेटीपुरतंच होतं की काय, असं तिने स्वतःला विचारलं आणि ती पायथ्याच्या वस्तीकडे चालू लागली. थोडं चालल्यावर ती पळायलाच लागली.

रानबा अंगणात होता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, पायांत चपला, कुठेतरी निघालेला. केतकीने धापा टाकतच सांगायला सुरुवात केली. तिने जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. “रानबाकाका, तुम्ही झोपला नव्हता. हौसामावशींचा शब्दच तुमच्यापर्यंत उशिरा आला. तो उशीर माझ्यामुळे झाला. मी तुमच्या फोनची व्यवस्था चुकीची लावली होती. तुम्ही ऐकल्याबरोबर थांबवलं होतं, हे खरं आहे.”

रानबाला ते एकदम समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. मग तो ओट्यावर बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “म्या आत्ता अध्यक्षांकडंच निघालो हुतो. डोळा लागला हुता म्हणून सांगायला.”

“पण लागला नव्हता ना!”

“नव्हता. पण समदं गाव म्हणतंय. घरचीबी म्हणाय लागली. रोज रात्री इचार करायचो, लागला असंल का? काल तर मलाच खात्री पटली, पोरी, की म्या झोपलो हुतो.”

केतकीला हुंदका आवरेना. तिने त्याचे पाय धरले. त्याने ते मागे घेतले आणि तिला पाणी आणून दिलं. मग तो म्हणाला की हौसाबाईला आधी सांगू, ती बिचारी मला खोटा समजून कष्टी झालीय. आणि दोघं मिळून डोंगर चढायला लागले.

तिथून केतकी अध्यक्षांकडे गेली. ते रागावले, खूप बोलले, आणि तिने ते सगळं खालमानेने ऐकून घेतलं. पण यात्रेच्या पहिल्या दिवशी खालच्या खुर्चीत रानबाच होता. वर हौसाबाईने प्लास्टरचा हात छातीशी धरून एका आजोबांची काठी दारात अडकलेली पाहिली आणि ‘थांब’ म्हटलं, आणि ट्रॉली थांबली. हे इतकं साधं होतं की कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी केतकीने गुरुजींना फोन करून घडलेलं सगळं सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आधी कोणाकडे गेलीस? अध्यक्षांकडे?”

“नाही, गुरुजी. मान अध्यक्षांचा मोठा आहे,” केतकी म्हणाली. “निकड रानबाकाकांची होती.”

गुरुजी म्हणाले, “बरं केलंस,” आणि त्यांनी फोन ठेवला.